कोंडा, तेल आणि पाच मिनिटं

केटोकोनॅझोल दोन टक्के. कोंड्याच्या शाम्पूतल्या औषधाचं हे नाव मी आता मेडिकलच्या काउंटरवर खणखणीत आवाजात सांगते. आधी चिठ्ठीची घडी करून ती गुपचूप पुढे सरकवायचे. कोंड्याची आपल्याकडे अजब लाज आहे. शुगर आहे, बीपी आहे, हे लोक चहा पिता पिता सांगतात. पण डोक्यात खपल्या आहेत म्हटलं की समोरच्याची नजर आधी तुमच्या खांद्यांवर जाते आणि मग तुमच्या आंघोळीच्या सवयींवर.

माझं दुखणं साध्या कोंड्याच्या पलीकडचं होतं. साधा कोंडा कोरडा, पांढरा, झटकला की उडणारा. माझ्या डोक्यात पिवळसर, तेलकट खपल्या धरायच्या. भांगाच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या वर आणि मानेवर केस सुरू होतात तिथे जास्त. नख लावलं की पापुद्रा सुटायचा, खाली कातडी लालबुंद, आणि थोड्या वेळाने ती जागा चिकट व्हायची. खाज अशी की महापेच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना माझ्या पेनाचं टोपण कानामागे असायचं. मग भुवयांतून भुसा पडायला लागला आणि नाकपुड्यांच्या कडांना लाल चट्टे आले. काळे कुर्ते कपाटात मागच्या रांगेत गेले. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडते मी. एकदा महिलांच्या डब्यात मागे उभ्या असलेल्या बाईने अगदी मायेने विचारलं, "ताई, खांद्यावर काहीतरी सांडलंय, झटकू का?" घणसोली येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. लिंबाचा रस, आंबट दही, भिजवलेल्या मेथीचा लेप, कडुनिंबाचा पाला उकळून त्याचं पाणी, खोबरेलात कापूर. लिंबू उघड्या, सोललेल्या कातडीवर लावलं की काय होतं हे सांगणाऱ्या बाईने स्वतः कधी अनुभवलेलं नसावं. आम्ही मानपाड्याच्या बाजूला, घोडबंदर रोडला राहतो. आमच्या सोसायटीतल्या बायकांचा निकाल एकमताचा होता: टँकरचं पाणी. ज्यांना पाणी पटत नव्हतं त्यांनी मेट्रोच्या कामाची धूळ पुढे केली. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाचं कुठलंही दुखणं या दोहोंपैकी एकाच्या गळ्यात घालता येतं, ही सोय मोठी आहे. पार्लरवालीकडे तर सहा सिटिंगचं 'अँटी डँड्रफ स्पा' असं पॅकेजच तयार होतं.

आणि आमच्या आई, म्हणजे सासूबाई. त्यांचं निदान सगळ्यात जुनं आणि सगळ्यात ठाम: "डोकं कोरडं पडलंय तुझं. तेल जिरव." रविवारी दुपारी वाटीत खोबरेल कोमट करून त्या मला पाटावर बसवायच्या. त्यांच्या बोटांत जादू आहे, यात वाद नाही. तेलाने खपल्या मऊ व्हायच्या, फणीला लागून निघायच्या, डोकं हलकं व्हायचं. एक-दोन दिवस बरे जायचे आणि मग दुप्पट जोराने सगळं परत. कोरडेपणा असता तर तेलाने तो जायला हवा होता. हे गणित काही जुळत नव्हतं.

शेवटी नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीतल्या स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. आई बरोबर आल्या, कारण राम मारुती रोडवर त्यांना परकराचं कापड घ्यायचं होतं. डॉक्टर बाईंनी दिवा असलेलं एक भिंग डोक्यावर टेकवून भांग पाडत पाडत सगळं डोकं पाहिलं. मग कोपरं पाहिली, गुडघे पाहिले, नखं पाहिली. घरात कुणाला सोरायसिस आहे का, नवा डाय लावला होता का, सांधे दुखतात का, असे प्रश्न. मला वाटलं, डोकं दाखवायला आले तर बाई गुडघे का बघतायत! नंतर कळलं, सोरायसिसही डोक्यात होतो, त्याच्याही खपल्याच असतात, फक्त त्या जाड आणि चंदेरी असतात आणि कोपर-गुडघ्यांवरही बहुधा सापडतात. दोन्हींची औषधं वेगळी.

"उवा नाहीत, सोरायसिस नाही," त्या म्हणाल्या. "कोंडाच आहे, पण सूज आलेला. सेबोऱ्हिक डर्मटायटिस."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, बहिणीला सांगितलं, आता तुम्हाला सांगते. आपल्या प्रत्येकाच्या डोक्यावर मॅलासेझिया नावाची बुरशी राहते, यीस्टच्या जातीची. १८७४ साली मालासे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने खपल्यांमधल्या या बुरशीचं वर्णन केलं, म्हणून पुढे तिला त्याचं नाव मिळालं. माझ्या डोक्यावर ती आहे, डॉक्टरांच्या आहे, तुमच्याही आहे. त्यामुळे हे दुखणं एकाचं दुसऱ्याला लागत नाही. या बुरशीला जगायला लागणारी स्निग्धाम्लं स्वतः बनवता येत नाहीत. ती आपल्या कातडीतून झिरपणाऱ्या तेलावर जगते. ते तेल फोडते, त्यातलं हवं ते घेते आणि ओलेइक आम्लासारखं उरलंसुरलं तिथेच टाकून देते. काही लोकांच्या कातडीला त्याचं काही वाटत नाही. काहींना ते झोंबतं. मग कातडी सुजते आणि ज्या पेशी एरवी महिनाभर सावकाश बदलत असतात त्या घाईघाईने, अर्धवट तयार होऊन, एकमेकींना चिकटून वर येतात. तीच आपली खपली. टँकरच्या पाण्याने फेस कमी होतो, केसांवर क्षार बसतात, केस राठ होतात, इतकंच. आजाराचं मूळ ते नाही. धुळीचंही तेच.

"लॅबमध्ये ही बुरशी वाढवायची असेल ना," डॉक्टर आईंकडे बघून म्हणाल्या, "तर नेहमीच्या खाद्यावर ती बहुतेक वेळा वाढत नाही. वरून ऑलिव्ह ऑइल ओतावं लागतं."

आई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मी तिला जेवू घालत होते?"

"स्वयंपाक हिच्याच डोक्यात होतोय, आजी. तुम्ही नुसतं वाढलंत."

आईंना हे लागलं. पण विनोद त्यांच्याच तोडीचा होता, त्यामुळे त्या हसल्याही.

औषध लिहून दिलं ते असं: दोन टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. मग ताब्यात आलं की आठवड्या-पंधरवड्यातून एकदा, पुन्हा उसळू नये म्हणून. लाली आणि खाज फार होती म्हणून सौम्य स्टेरॉइडचं एक लोशन, तेही फक्त पहिले काही दिवस. चेहऱ्यावरच्या चट्ट्यांना केटोकोनॅझोलचीच क्रीम. आणि एक वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं: "हा शाम्पू केसांना लावायचा नाही, कातडीला लावायचा. आणि लावून पाच मिनिटं ठेवायचा."

हा पाच मिनिटांचा मुद्दा लोक सगळ्यात हलका घेतात आणि सगळं यश त्यातच आहे. आपला नेहमीचा शाम्पू मळ आणि तेल काढायचं काम करतो. ते अर्ध्या मिनिटात होतं. केटोकोनॅझोलचं काम निराळं. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल नावाचा घटक लागतो, तो हे औषध तयारच होऊ देत नाही. माणसाच्या पेशीत एर्गोस्टेरॉल नसतो, म्हणून मार बुरशीवरच बसतो. पण त्यासाठी औषध कातडीला भिडून राहायला हवं. एकदा नीट भिडलं की ते कातडीतल्या केराटिन नावाच्या प्रथिनाला धरून बसतं, धुतल्यावरही थोडं मागे उरतं. म्हणूनच रोज लावावं लागत नाही.

आमच्याकडे याचा पुरावा घरातच मिळाला. नवऱ्यालाही थोडा कोंडा होताच. त्याने एक दिवस माझी बाटली उचलली, पचकन हातावर ओतला, खसाखसा चोळला आणि लगेच शॉवरखाली. असं तीनेक वेळा करून त्याने जाहीर केलं, "महाग आहे, पण उपयोग शून्य." ओतलेला अर्धा शाम्पू त्याच्या डोक्याला लागायच्या आधी मोरीत गेला होता.

तर माझी पद्धत अशी बसली. माझे केस कमरेपर्यंत नसले तरी पाठीवर रुळतात, त्यामुळे शाम्पू थेट डोक्यावर ओतला तर वरच्या केसांतच अडकतो. आधी साध्या शाम्पूने एकदा धुऊन तेल-धूळ काढून टाकते. मग पाणी निथळून घेते, कारण केस गळत असतील तर औषध पातळ होऊन वाहून जातं. एका वाटीत चमचा-दोन चमचे हा शाम्पू घेऊन थोड्या पाण्यात कालवते. शाम्पू गुलाबी-केशरी असतो, दाट, वास दवाखान्यासारखा. मग बोटाने भांग पाडत जाते: मधला, त्याच्या डावीकडे एक, उजवीकडे एक, मग मागे. प्रत्येक भांगात वाटीतलं औषध बोटाच्या पेराने टेकवायचं आणि पेरांनीच हळू चोळायचं. नखं नाहीत. खाज असताना नखं आवरणं ही खरी तपश्चर्या. पण नखाने ओरखडलेल्या कातडीवर हा शाम्पू चुरचुरतो, त्यामुळे शिक्षा लगेच मिळते. कानांच्या मागे आणि मानेवरच्या रेषेवर शेवटी. फेस फार होत नाही, विशेषतः टँकर आलेल्या दिवशी. फेस नाही म्हणून आणखी ओतायचा मोह होतो. ओतू नका, औषध फेसात नसतं.

मग ती पाच मिनिटं. बाथरूममध्ये ओल्या डोक्याने नुसतं उभं राहिलं तर पाच मिनिटं फार मोठी असतात. मनात मोजून चालत नाही, मन दीड मिनिटालाच पाच म्हणतं. मी मोबाइलवर टायमर लावून तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते. त्या वेळात टाचा घासून होतात, बादली-मग घासून होतात. आमच्या मोरीच्या फरश्या या आजारपणात जितक्या लख्ख झाल्या तितक्या दिवाळीतही होत नाहीत. शेवटच्या मिनिटाला तोच फेस डोळे घट्ट मिटून भुवयांवर आणि नाकाच्या कडांना फिरवायचा. हे डॉक्टरांना विचारून. डोळ्यांत गेला तर भरपूर पाणी मारायचं. मग भरपूर पाण्याने डोकं धुवायचं आणि कंडिशनर फक्त खालच्या केसांना, कानांच्या खाली. वर नाही.

वार ठरवणं हे वेगळंच प्रकरण झालं. डॉक्टर म्हणाल्या, मधे तीनेक दिवस जाऊ द्या, सोमवार-गुरुवार करा. आई म्हणाल्या, गुरुवारी बायकांनी डोक्यावरून आंघोळ करायची नाही. शिवाय अमावास्या, शिवाय त्यांच्या माहेरच्या हिशेबाने आणखी एखादा वार बाद. शेवटी बुधवार आणि रविवार ठरले. औषधाला वार कळत नाही, पण घरात शांतता असली की औषध नियमाने लावलं जातं, हेही खरं.

फरक कसा पडला ते क्रमाने सांगते, कारण लोक खपल्यांकडे बघत बसतात आणि निराश होतात. आधी खाज गेली. ते इतकं नकळत झालं की पेन हातात असूनही मी लिहितेच आहे हे मला मीटिंगमध्ये अचानक जाणवलं. मग खपल्या पातळ झाल्या, मग विरळ. लाली सगळ्यात शेवटी गेली, आणि कानांच्या वरची तर हट्टाने राहिली. सुरुवातीला केस राठ झाले, गुंता वाढला. खपल्यांबरोबर केसही हातात यायचे. मी घाबरले, तर डॉक्टर म्हणाल्या, सुजलेल्या कातडीतले केस सैल होतात, ते पडतायत. सूज उतरली की परत येतील. आले.

मधे एका रात्री नवऱ्याने मोबाइलवर वाचलं की केटोकोनॅझोलने लिव्हर खराब होतं. बाटली त्याने कपाटावर ठेवून दिली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी ती प्यायचेच. वाचलं ते खोटं नव्हतं, पण ते गोळीबद्दल होतं. हे औषध जान्सेन या बेल्जियन कंपनीने सत्तरच्या दशकात शोधलं; ऐंशीच्या दशकात त्याच्या गोळ्या बुरशीच्या आजारांना सर्रास देत. लिव्हरला धोका दिसला म्हणून २०१३ मध्ये युरोपने त्या गोळ्या थांबवायला सांगितल्या आणि अमेरिकेने त्यांच्यावर कडक बंधनं घातली. शाम्पूतलं औषध कातडीतून रक्तात जवळजवळ जातच नाही. बाटली कपाटावरून खाली आली.

खरी भीती बाळगायची तर ती दुसऱ्याच गोष्टीची. क्रीम संपली होती, डॉक्टर गावाला गेल्या होत्या, म्हणून मी रिकामी ट्यूब घेऊन एका मेडिकलमध्ये गेले. त्याने ती बघितलीही नाही. "मॅडम, हे लावा, दोन दिवसांत साफ," म्हणून एक वेगळीच ट्यूब पुढे केली. मागे बारीक अक्षरात बघितलं: बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोल, असं तिन्हींचं मिश्रण. क्लोबेटासोल हे फार जोरकस स्टेरॉइड आहे. लाली खरंच दोन दिवसांत जाते. मग ट्यूब बंद केली की दुप्पट येते, माणूस पुन्हा तीच लावतो, आणि असं करत करत चेहऱ्याची कातडी पातळ पडते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात. आपल्याकडे गोरं होण्यापासून गजकर्णापर्यंत सगळ्याला या मिश्र क्रीम चिठ्ठीशिवाय खपवल्या जातात. मी ट्यूब परत दिली. तो म्हणाला, सगळे घेतात. घेत असतीलच.

शाम्पूच्या बाटल्यांचंही असंच वाचून घ्यावं लागतं. पुढे मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय याला अर्थ नाही. मागे घटक आणि टक्के बघायचे. केटोकोनॅझोल एक टक्क्याचाही मिळतो, दोनचाही, झिंक पायरिथिओनबरोबर मिसळलेलाही. नुसतं झिंक पायरिथिओन हे बाजारातल्या नेहमीच्या कोंड्याच्या शाम्पूंत असतं आणि सौम्य कोंड्याला पुरतंही. खपल्या फार जाड असतील तर त्या आधी मऊ करून काढायला सॅलिसिलिक ॲसिडचा शाम्पू देतात, नाहीतर औषध खपलीच्या वरच बसतं. मला मधे एकदा बदल म्हणून सेलेनियम सल्फाइडचा दिला होता. काम चोख, पण वास गंधकाचा, आणि बाटलीवरच सूचना की दागिने काढून ठेवा. आमच्या आईंनी मंगळसूत्र काढून न्हायचं म्हटल्यावर जो चेहरा केला तो बघून मी परत केटोकोनॅझोलवर आले.

तेलाचा तह मात्र डॉक्टरांमुळेच झाला. पुढच्या खेपेला त्यांनी आईंना सांगितलं की खोबरेल वाईट नाही. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. मुंबईतल्याच संशोधकांनी २००३ मध्ये ते दाखवलंय. फक्त ते केसाला हवं, कातडीला नको. तेव्हापासून रविवारी, न्हायच्या आधी, आई माझ्या केसांना कानांच्या खालून तेल लावतात. डोक्याला हात लावत नाहीत. नरकचतुर्दशीला अभ्यंग होतं, अंगाला तेल, उटणं, सगळं. डोक्यावर फक्त शास्त्रापुरतं एक बोट. त्यांना हे अर्धवट वाटतं. "चंपीशिवाय कसली आंघोळ," असं त्या दर वेळी म्हणतात, आणि त्यांचं दुःख मला कळतं, कारण तो रविवार दुपारचा अर्धा तास आमच्या दोघींचाच असायचा. आता आम्ही तो केस विंचरण्यात काढतो.

हे दुखणं कायमचं जात नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ताब्यात राहतं. थंडी कोरडी पडली की डोकं वर काढतं, आणि ऑफिसात मार्चएंडची झोपमोड सुरू झाली की हमखास. कानांच्या वर आधी कुरकुर सुरू होते. तेव्हा परत आठवड्यातून दोनदा, बाकी वर्षभर आठवड्या-पंधरवड्यातून एकदा.

मुलाच्या पाठीवर आणि मानेवर फिकट डाग दिसायला लागले तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, कॅल्शियम कमी पडलंय, आणि मी मनातल्या मनात कोडाला घाबरले. आईंनी डागावर नख ओढलं, बारीक भुसा निघाला. "शिबं आलंय," म्हणाल्या आणि टीव्ही बघायला गेल्या. बरोबर होतं त्यांचं. शिबंही त्याच बुरशीचं काम, फक्त पाठीवर. फुटबॉल खेळून घामाचा टी-शर्ट तासन्‌तास अंगावर ठेवणाऱ्या मुलांना आपल्या दमट हवेत ते होतंच. डॉक्टरांनी माझाच शाम्पू त्याच्या अंगाला लावायला सांगितला, पाच मिनिटं ठेवून धुवायचा. भुसा लगेच गेला. रंग भरून यायला काही महिने लागतात, त्याला औषध चुकलं असं समजायचं नाही. पाच मिनिटं शर्टाशिवाय स्वस्थ उभं राहायचं म्हणजे त्याच्यासाठी जन्मठेप. ती त्याने गेम खेळत काढली.

पण बुरशी म्हटली की हाच शाम्पू, असंही नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीच्या डोक्यात गोल चकत्या पडल्या, तिथले केस मुळाशीच तुटलेले. ताईंनी माझी बाटली मागितली. आई म्हणाल्या, हा खवडा आहे, याला हे चालणार नाही, दवाखान्यात न्या. महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. खवड्याची बुरशी वेगळी, ती केसाच्या आत शिरते, तिथपर्यंत शाम्पू पोचत नाही. पोटात गोळ्या घ्याव्या लागतात, काही आठवडे. शाम्पू असला तर दुसऱ्या मुलांना लागू नये एवढ्यापुरता. आणि हा मात्र लागतो, त्यामुळे तिची फणी, टोपी, टॉवेल वेगळा. माझ्या आजारात आईंनी माझी फणी वेगळी ठेवली होती तेव्हा त्याची गरज नव्हती, इथे होती.

पुढच्या महिन्यात डोंबिवलीला नणंदेच्या मुलीचं लग्न आहे आणि माझ्या भांगात पांढरे केस चमकायला लागलेत. रंग लावू का म्हणून विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, डोक्यात लाली किंवा ओरखडे असतील तर मुळीच नाही. नसतील तर आधी कानामागे थोडासा लावून बघा. या शाम्पूने रंगवलेल्या किंवा पांढऱ्या केसांचा रंग बदलू शकतो, तेव्हा रंगाच्या आधीच एकदा न्हाऊन घ्या आणि नंतर लग्न होईपर्यंत बाटली बंद. पार्लरवालीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग स्पा करून घ्या ना मॅडम, सहा सिटिंग."